झाकण

अब्दोशची चारशेचार माझ्या दारात कधीच बंद पडत नाही.
बंद पडते ती बाबिलेच्या रस्त्यावर,
हरार सोडल्यावर नवव्या किलोमीटरला,
जिथं चढ नाही, खड्डा नाही,
नुसतं निवडुंग आणि कुणाच्या तरी शेळ्या.
दोन आचके देते, खोकते, गप्प.
आत सहा माणसं, टपावर कांद्याची पोती.

दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू,
जसं काही झालंच नाही.

मी पॉइंट घासले.
फट मोजायला सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा;
वीस वर्षं तोच पुठ्ठा चालवतोय.
कंडेन्सर बदलला. आधीचा चांगला होता.
कॉइल मुख्तारकडून उसनी आणली,
ती अजून परत केलेली नाही.
पंपाचा डायफ्राम ट्रकच्या जुन्या डायफ्राममधून कापला.
आजार म्हशीला, औषध पखालीला,
आणि पखालीला तरी किती टोचायचं?

"उन्हानं पेट्रोल उकळतंय," मी छातीठोक सांगितलं,
पंपावर ओलं फडकं गुंडाळायला लावलं.
अब्दोशनं गुंडाळलं, थांबला, गाडी सुरू झाली.
आठवडाभर मी हुशार होतो.
फडक्यानं काहीच केलं नव्हतं,
केलं होतं ते त्या दहा मिनिटांनी,
हे कळायला मला आठवडा लागला.

मंगळवारी दुकानाला कुलूप घातलं
आणि मीच जाऊन शेजारी बसलो,
पायाशी एका बाईची कोंबडी.
लोक म्हणतात, गाडी बोलते.
कसली बोलते!
ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करते,
आपण दर वेळी दुसरंच ऐकतो.

नववा किलोमीटर. आचका. आचका.
अब्दोश उतरला, मागून काठी काढली
(काटा त्याच्या बापाच्या हयातीतच मेलाय),
पेट्रोल किती उरलंय बघायला झाकण फिरवलं

आणि टाकीनं श्वास घेतला.
लांब, ओढून,
पाण्याखालून वर आलेल्या पोरासारखा.
कोंबडीनंसुद्धा मान वळवली.
किल्ली फिरवली. लगेच सुरू.

मी झाकण हातात घेतलं.
पितळी, जड, लखलखीत, कडेला कोरलेली वेल.
"हे कुठलं?"
अब्दोश शेळ्यांकडे बघत राहिला.
"झैतूनानं करून घेतलं, ईदला.
तिथं चिंधी कोंबलेली तिला बघवत नव्हती.
लेथवाल्याला स्वतःची बांगडी दिली तिनं."

इतकं नेमकं बसवलेलं
की हवेला आत शिरायला सुईएवढी वाट नाही.
पंप ओढतोय, टाकी सोडत नाही.

दुकानात मी दीड मिलिमीटरचं बिट लावलं.
"वरून नको," अब्दोश म्हणाला.
"खालून. कडेच्या आत. वेलीला धक्का नको.
तिला दिसता कामा नये."
चाळीस वर्षं इंजिनं उतरवतोय,
हात थरथरला तो त्या दिवशी.
पितळेचा कीस पडला, चिमूटभर.
नेहमी फुंकून टाकतो. तेव्हा नाही फुंकला,
कागदात बांधून त्याच्या खिशात घातला.

आता गाडी बाबिलेला जाते,
परवा तर थेट जिजिगाला जाऊन आली.
बिल मी फक्त भोकाचं लावलं;
कंडेन्सरचा विषय काढायला तोंड नव्हतं.

काल झैतूना आली, बाबिलेचे भाजलेले शेंगदाणे घेऊन.
म्हणाली, "गाडी जोरात असली ना,
की झाकण शिट्टी वाजवतं. अगदी बारीक.
आधी नव्हतं वाजवत."
मी पान्याला तेल लावत राहिलो,
ज्या पान्याला सकाळीच लावलं होतं.
"छान वाजतं," ती म्हणाली,
आणि पुडी बाकावर ठेवून गेली.